जुन्या दुनळी बंदुकीचे सुटे भाग : ओळख, शोध आणि कायद्याची चौकट

नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यासारख्या ग्रामीण भागात ज्या घरांमध्ये बारा बोअरची दुनळी बंदूक आजोबा-पणजोबांपासून चालत आली आहे, त्या घरांपुढे कधी ना कधी एकच अडचण उभी राहते. चाप ओढल्यावर एक बाजू डागत नाही, किंवा नळ्या खाली पाडून पुन्हा मिटल्या असता त्या घट्ट बसत नाहीत, किंवा दस्ता मनगटापाशी तडकलेला असतो, आणि त्यासाठी लागणारा सुटा भाग कोठेही विकत मिळत नाही. मोटारसायकलचा भाग जसा मॉडेल सांगून मागवता येतो तसा या बंदुकीचा येत नाही, आणि याचे कारण केवळ बंदूक जुनी आहे एवढेच नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंड आणि बेल्जियममध्ये तयार झालेल्या बहुतेक दुनळी बंदुकांचा प्रत्येक भाग कानशीने घासून त्या एकाच बंदुकीत बसवलेला असे, त्यामुळे त्याच कारखान्याच्या, त्याच वर्षीच्या दुसऱ्या बंदुकीचा भागही तिला जसाच्या तसा बसेल याची खात्री नसते. म्हणून अशा बंदुकीचा भाग शोधणे म्हणजे वस्तू शोधणे नव्हे, तर तो भाग बनवून किंवा जुळवून बसवू शकणारा परवानाधारक कारागीर शोधणे होय. आणि त्या कारागिरापर्यंत जाण्याआधी बंदुकीची नेमकी ओळख व तिची कागदपत्रे हातात असणे आवश्यक ठरते.

कायद्याचा विचार येथे शेवटी नव्हे, आधी करावा लागतो. शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि त्याने १८७८ च्या ब्रिटिशकालीन कायद्याची जागा घेतली. या कायद्यात 'शस्त्र' या संज्ञेत शस्त्राच्या सुट्या भागांचाही समावेश होतो, आणि कलम ५ नुसार बंदूक बनवणे किंवा विकणे यांच्याप्रमाणेच ती दुरुस्त करण्यासाठीही स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना हा दुरुस्तीचा परवाना नव्हे. कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम ५ चे उल्लंघन करून बंदूक बनवणे वा दुरुस्त करणे या गुन्ह्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. मनमाडला रेल्वेच्या पुलांचे गर्डर घडवणारा अभियांत्रिकी कारखाना पूर्वीपासून असल्याने आणि परिसरात लेथवर काम करणाऱ्या कुशल हातांची वाण नसल्याने, एखादी तुटलेली पिन 'आपल्याच टर्नरकडून' करून घ्यावी असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु तो टर्नर कितीही कसबी असला तरी त्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना नसेल, तर काम देणारा आणि करणारा दोघेही अडचणीत येतात.

कलम ४५ मधील दोन सवलती येथे महत्त्वाच्या आहेत, आणि त्या दोन्हींविषयी गैरसमज फार आढळतो. पहिली सवलत कालबाह्य, पुराणवस्तूचे मोल असलेल्या किंवा मोडकळीस आलेल्या शस्त्रांना आहे. मात्र ती शस्त्रे दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगी नसावीत, अशी अट या सवलतीतच घातलेली आहे. फायरिंग पिन तुटलेली दुनळी या सवलतीत बसत नाही, कारण पिन बदलली की ती पुन्हा डागू शकते. म्हणजे 'बंदूक बंदच आहे, तिला परवाना कशाला' हा युक्तिवाद टिकत नाही. दुसरी सवलत शस्त्राच्या किरकोळ भागांना आहे, परंतु तीही तेव्हाच लागू होते, जेव्हा ते भाग स्वतःच्या किंवा इतर कोणाच्या ताब्यातील पूरक भागांशी जोडून वापरण्याचा हेतू नसतो. बंदुकीत बसवण्यासाठीच आणलेली स्प्रिंग या सवलतीबाहेर जाते. सुटे भाग स्वतः गोळा करण्याऐवजी परवानाधारक विक्रेत्याच्या नोंदवहीतून आणि पावतीसह घ्यावेत, हा सल्ला केवळ सावधगिरीचा नसून कायद्याच्या शब्दांतूनच निघणारा आहे.

आता ओळखीकडे वळता येईल. दोन नळ्यांच्या मधून लांबवर जाणारी पट्टी, जिला कारागीर 'रिब' म्हणतात, तिच्यावर कोरलेले नाव म्हणजे बनवणाऱ्याचे नाव, असे मालक बहुधा गृहीत धरतो. प्रत्यक्षात भारतात विकल्या गेलेल्या असंख्य बंदुकांवर विक्रेत्याचे नाव असे. कलकत्त्याची मँटन, रॉडा आणि लायन अँड लायन या पेढ्या, तसेच १८९१ साली मुंबईत दुकान उघडलेली आर्मी अँड नेव्ही सोसायटी, यांच्या नावाने विकल्या गेलेल्या अनेक बंदुका बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी बनवलेल्या होत्या. बर्मिंगहॅमच्या धंद्यात नळ्या एकाकडे, लाकूड दुसऱ्याकडे आणि 'लॉक' म्हणजे घोड्याची यंत्रणा तिसऱ्याकडे तयार होत असे, लॉकसाठी वुल्व्हरहॅम्प्टनचे ब्रेझियर, चिल्टन यांच्यासारखे कारागीर नावाजलेले होते. त्यामुळे रिबवरच्या नावाने सुटा भाग शोधत बसणे हे बहुतेक वेळा चुकीच्या दाराशी थांबण्यासारखे ठरते. खरी माहिती नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असते, जो बंदूक मिटलेली असताना दिसतच नाही.

हा भाग पाहण्यासाठी आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून घ्यावी, मग नळ्यांखालचा पुढचा लाकडी तुकडा, म्हणजे फोरएंड, काढावा आणि नळ्या ॲक्शनपासून वेगळ्या कराव्यात. ॲक्शन म्हणजे नळ्या आणि दस्ता यांना जोडणारा लोखंडी ठोकळा, ज्यात चाप, घोडे आणि नळ्या पक्क्या धरणारी कुलपे असतात. बंदूक अशी तीन तुकड्यांत वेगळी करणे हा रोजच्या निगेचाच भाग आहे. यापुढे एकही स्क्रू मालकाने फिरवू नये. नळ्या, ॲक्शन आणि फोरएंडचे लोखंड या तिन्हींवर एकच क्रमांक असायला हवा. तो वेगळा निघाला तर कोणीतरी कधीतरी दोन बंदुकांची एक बंदूक केली आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि परवान्यावरील क्रमांक यांपैकी कोणत्या तुकड्याचा आहे हे कारागिराकडे जाण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्यावे लागते. क्रमांक पुसट झाला असल्यास तो स्वतः ठळक करण्याचा प्रयत्न करू नये, कारण बंदुकीवरील ओळखखूण खोडणे वा बदलणे हा कलम ८ नुसार गुन्हा आहे. पॉलिश आणि नवी काळी झिलई यांच्या हौसेत अनेक जुन्या बंदुकांचे क्रमांक असेच घासून गेले आहेत.

क्रमांकाशेजारी छोटे ठसे दिसतात. ते 'प्रूफ'चे, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस डागून नळी तपासल्याचे ठसे असतात. इंग्लंडमध्ये लंडनचे आणि १८१३ पासून बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस ही तपासणी करत आले आहे. मुकुटाखाली 'बीपी' आणि 'बीव्ही' ही अक्षरे असतील तर बंदूक १९०४ ते १९५४ या काळात बर्मिंगहॅमला तपासलेली असते. लांबट वर्तुळात 'ईएलजी' ही अक्षरे असतील तर ती बेल्जियमच्या लिएज शहरातील असते. आणि मुकुटाखाली बी, यू, जी अशी सुटी अक्षरे १८९१ च्या जर्मन कायद्याकडे बोट दाखवतात. या सर्वांहून महत्त्वाची खूण म्हणजे 'नायट्रो प्रूफ' हे शब्द किंवा मुकुटाखाली 'एनपी' ही अक्षरे. तशी कोणतीही खूण नसेल तर नळ्या केवळ काळ्या दारूच्या कमी दाबासाठी तपासलेल्या आहेत असे धरून चालावे, आणि आजच्या धूररहित दारूचे कोणतेही काडतूस त्यांत डागणे जिवावर बेतू शकते. अशा बंदुकीसाठी सुटे भाग शोधण्यात पैसा घालावा की नाही, हा निर्णय या एका खुणेवर बराचसा ठरतो.

चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीची लांबी ही यानंतरची बाब. जुन्या इंग्रजी बारा बोअर बंदुकांचे चेंबर बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरचे असते, तर आजची काडतुसे बऱ्याचदा ७० मिलिमीटरची असतात. खोटी खात्री निर्माण होते ती अशी की ७० मिलिमीटरचे न डागलेले काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये अलगद बसते. कारण काडतुसावर छापलेली लांबी ही डागल्यानंतर तोंड उघडलेल्या टरफलाची असते, दुमडलेल्या तोंडाच्या नव्या काडतुसाची नव्हे. डागल्यावर टरफलाचे तोंड उघडण्यास जागा उरत नाही, ते पुढच्या अरुंद भागात शिरते आणि दाब वाढतो. तुटलेल्या फायरिंग पिना, सैल झालेली बिजागरी आणि तडकलेले दस्ते यांतील बराचसा वाटा या एका चुकीचा असू शकतो. भाग बदलला आणि काडतूस तेच राहिले तर नवा भागही त्याच वाटेने जातो. काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील असोत वा परदेशी, पाकिटावरील लांबी आणि बंदुकीचे चेंबर यांचा मेळ आधी बसला पाहिजे, आणि चेंबर कारागिराकडून मापून त्याची लेखी नोंद घेतली पाहिजे.

बंदुकीचा प्रकार सांगता आला की कारागिराचे अर्धे काम हलके होते. बाहेर दोन घोडे दिसत असतील तर ती घोड्याची बंदूक. घोडे आत लपलेले असून ॲक्शनच्या दोन्ही बाजूंस पानाच्या आकाराच्या मोठ्या लोखंडी पट्ट्या दस्त्यात शिरलेल्या असतील तर ती 'साइडलॉक'. अशा पट्ट्या नसून सारी यंत्रणा ठोकळ्याच्या आतच असेल तर ती 'बॉक्सलॉक', जिची रचना वेस्टली रिचर्ड्स या बर्मिंगहॅमच्या कारखान्यातील अँसन आणि डीली यांनी १८७५ साली केली. जगभरातील कारखान्यांनी तीच रचना उचलली, आणि म्हणूनच सुट्या भागांच्या दृष्टीने बॉक्सलॉक बंदूक सर्वांत सोयीची ठरते : तिच्या भागांचे आकार कारागिरांच्या हाताला परिचित असतात आणि दुसऱ्या कारखान्याचा जवळपासचा भाग घासून जुळवणे तुलनेने शक्य असते. नळ्यांखालच्या दोन आकड्यांना, म्हणजे खाली आलेल्या खाचदार लोखंडी उंचवट्यांना, धरून ठेवणारी खालची पट्टी १८६३ च्या पर्डीच्या पेटंटवरून आलेली आहे. तिच्या जोडीला रिबच्या टोकातून आडवी जाणारी गोल दांडी असेल तर ती ग्रीनरच्या पद्धतीची होय. ही दांडी झिजली की बंदूक सैल झाल्यासारखी वाटते, पण दोष कधी कधी तिचा नसून साचलेल्या मळाचा असतो.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगणे आवश्यक आहे. 'भाग गेला' अशी तक्रार घेऊन आलेल्या जुन्या बंदुकांत बऱ्याच वेळा भाग गेलेला नसतो. वर्षानुवर्षे ओतलेले तेल घट्ट होऊन राळेसारखे चिकटते, पावसाळ्यात फुगलेले लाकूड चापाला किंवा नळ्या उघडण्याच्या वरच्या खटक्याला अडवते, गंजाचा पातळ थर पिनेची चाल रोखतो. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक काही महिने कापडात गुंडाळून पडली तरी एवढे पुरते. म्हणून कारागिराला भाग बदलण्याचे नव्हे, तर आधी यंत्रणा उघडून साफ करण्याचे आणि दोषाचे निदान लेखी देण्याचे काम सांगावे. निदानाआधीच भाग मागवणारा कारागीर बदलावा.

निदानात भाग खरोखरच निकामी निघाला, तर पुढची वाट त्या भागानुसार वेगळी होते. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आघात करणारी दांडी, ही सर्वांत जास्त झिजणारी आणि सर्वांत सहज नव्याने करता येणारी वस्तू आहे; परवानाधारक कारागीर ती जुन्या नमुन्यावरून योग्य पोलादात बनवतो, आणि तिची लांबी व टोकाची गोलाई महत्त्वाची असते, कारण टोक अणकुचीदार राहिले तर टोपी फुटून गरम वायू मागे येतो. म्हणून तुटलेली पिन कधीही फेकू नये. तिचे दोन तुकडेही कारागिरासाठी मोलाचे माप असतात.

स्प्रिंगचे प्रकरण अधिक नाजूक आहे. जुन्या दुनळींतील मुख्य स्प्रिंग ही गुंडाळलेल्या तारेची नसून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात वळवलेल्या पोलादी पट्टीची असते, आणि तिच्यावर गंजाचा एक बारीक खड्डा पडला तरी पुढे तेथूनच तिचा तुकडा पडतो. ती घडवून, तापवून, पाणी देऊन पुन्हा योग्य मर्यादेपर्यंत मऊ करणे हे कसब आज मोजक्यांकडेच उरले आहे. ज्या कारागिराने अशा स्प्रिंगा पूर्वी केल्या आहेत, त्याच्याकडेच हे काम द्यावे, मग त्यासाठी नांदगावहून सुमारे १०० किलोमीटरवरच्या नाशिकपर्यंतच नव्हे, तर मुंबई-पुण्यापर्यंत जावे लागले तरी हरकत नाही. कमी कडक स्प्रिंगेने बंदूक डागत नाही. अति कडक स्प्रिंग स्वतः तुटते आणि जाताना कधी घोड्याची खाचही घेऊन जाते.

स्क्रूंविषयी मालक बेफिकीर असतात, आणि तेथेच सर्वाधिक नुकसान होते. या बंदुकांच्या स्क्रूंचे आटे आजच्या मापांचे नसतात, एकाच बंदुकीतील दोन स्क्रूही अदलाबदल करून बसत नाहीत, आणि त्यांच्या अरुंद खाचांत बाजारचा जाड पेचकस घातला की डोके फाटते. फाटलेल्या डोक्यांचे स्क्रू दिसले की आधी कोणीतरी अडाणीपणे बंदूक उघडलेली आहे हे कारागीर पाहताक्षणी ओळखतो. नवा स्क्रू करून मिळतो, पण तो जुन्याच भोकाच्या आट्यांवर कापावा लागतो, म्हणून त्यासाठी संपूर्ण बंदूक न्यावी लागते. नुसता नमुना पुरत नाही.

नळ्या आणि ॲक्शन यांच्यामध्ये फट पडली असेल तर ते बिजागरीच्या पिनेच्या झिजेचे लक्षण असू शकते. फोरएंड काढून, बंदूक मिटून, हलकेच हलवली असता खडखड जाणवते. नळ्यांच्या मागच्या तोंडाशी प्रकाश दिसतो. ही तपासणी मालकालाही करता येते, दुरुस्ती मात्र नाही. पिन नवी घालणे किंवा नळ्यांखालच्या आकड्याला धातू चढवून तो पुन्हा घासणे हे दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींत एका केसाचाही फरक चालत नाही. ठोकून, पितळी पत्रा घालून किंवा सोल्डर लावून 'घट्ट' केलेली बंदूक पुन्हा डागू नये.

डागलेली टरफले आपोआप बाहेर फेकणारी यंत्रणा, जिला इजेक्टर म्हणतात, तिचे भाग मिळवणे सर्वांत कठीण. ते फोरएंडच्या लोखंडात बसवलेले छोटे घोडे आणि स्प्रिंगा असतात, आणि प्रत्येक कारखान्याची घडण वेगळी. येथे व्यवहारी सल्ला असा की ती यंत्रणा बंद करून बंदूक साधी, म्हणजे टरफल फक्त वर उचलणारी करून घ्यावी. बंदुकीच्या सुरक्षिततेत त्याने काही उणे पडत नाही, फक्त पुढे विकायची झाल्यास किंमत कमी होते. दस्त्याचे लाकूड त्या मानाने सोपे. मूळ लाकूड अक्रोडाचे असते, काश्मीरचे अक्रोड अजूनही मिळते, आणि मनगटापाशी पडलेला तडा बहुतेक वेळा आतून पिन घालून जोडता येतो. दस्त्याचा ॲक्शनला लागून असलेला भाग तेलाने भिजून काळा आणि मऊ झालेला असेल तर मात्र जोड टिकत नाही. बंदूक नेहमी नळ्या खाली करून ठेवली असती तर नळ्यांतले तेल दस्त्यात उतरलेच नसते. पण हे शहाणपण बहुधा दस्ता तडकल्यानंतरच सुचते.

नळ्यांबाबत मात्र काटकसर चालत नाही. डागांच्या वळणावळणाची नक्षी असलेल्या, लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींत पिळून बनवलेल्या 'दमास्कस' नळ्या दिसायला सुंदर असतात, परंतु त्या डागण्यासाठी नाहीत असेच मानून चालावे. पोलादी नळ्याही आतून गंजाचे खड्डे घासून घासून पातळ झालेल्या असू शकतात. ब्रिटिश कारागिरांत बारा बोअरच्या नळीची जाडी मागच्या टोकापासून पुढे कोठेही सुमारे ०.०२० इंचांखाली जाऊ नये असा दंडक रूढ आहे. जाडी मोजण्याचे विशेष माप प्रत्येक कारागिराकडे असतेच असे नाही, तरी ते आहे का हे विचारावे. नळीच्या आत प्रकाशात आडवी गडद कडी दिसली तर नळी एखाद्या अडथळ्यामुळे फुगलेली आहे असे समजावे. फुगलेल्या, खड्डे पडलेल्या नळ्या पुढून कापून बंदूक 'वाचवण्याचा' सल्ला कोणी दिला तर तो तत्काळ नाकारावा : परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा कलम ६ खालील वेगळा गुन्हा आहे, आणि स्वसंरक्षण वा खेळासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना ज्या तरतुदीखाली दिला जातो, त्या कलम १३ मध्ये नळीची किमान लांबी २० इंच ठरवलेली आहे.

भाग कोठे मिळू शकतात, याचे उत्तर आता थोडक्यात देता येते. दुरुस्तीचाही परवाना असलेले जुने शस्त्रविक्रेते हा पहिला आणि बहुतेकांसाठी शेवटचा मार्ग आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या दुकानांत मोडीत निघालेल्या बंदुकांचे जुने भाग शिल्लक असू शकतात, आणि तेथील वृद्ध कारागीर हीच खरी पुंजी असते. जम्मू आणि बिहारमधील मुंगेर येथे परवानाधारक बंदूक कारखाने आहेत. मुंगेरची ही परंपरा अठराव्या शतकात मीर कासिमने तेथे उभारलेल्या शस्त्रशाळेपर्यंत मागे नेली जाते. त्यांच्या नव्या दुनळींचे भाग इंग्रजी बंदुकीला जसेच्या तसे बसत नाहीत, तरी कच्चा माल म्हणून कारागिराला उपयोगी पडू शकतात. भागांसाठी दुसरी जुनी बंदूक विकत घेण्याचा विचार असेल तर ती बंदूकही परवान्यावर चढवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुकांची मर्यादा आहे, आणि विकणाऱ्यानेही कायद्यानुसार लेखी पूर्वसूचना देऊन ४५ दिवस थांबणे अपेक्षित आहे. परदेशातून टपालाने भाग मागवणे हा मार्ग बंदच समजावा, कारण कलम १० खालील आयात परवान्याशिवाय आलेला भाग सीमाशुल्क खात्यात अडकतो आणि मागवणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. परदेशी कारखान्यांचा खरा उपयोग वेगळाच आहे : वेस्टली रिचर्ड्स, हॉलंड अँड हॉलंड यांच्यासारख्या कारखान्यांनी जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत, आणि क्रमांक कळवल्यास बंदूक केव्हा, कोणत्या मापांची बनवली होती याची माहिती तेथून मिळू शकते. ती माहिती कारागिराच्या हातात सुट्या भागाइतकीच मोलाची ठरते.

बंदूक नांदगावहून बाहेर नेण्यापूर्वी परवान्यावरील क्षेत्र, मुदत आणि यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतील ओळखक्रमांक, तपासून घ्यावेत. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर बंदूक जम्मूला पाठवता येणार नाही. त्यासाठी नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे परवाना देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज करावा लागेल. बंदूक रिकामी, तीन तुकड्यांत वेगळी करून पेटीत न्यावी, मूळ परवाना सोबत ठेवावा आणि काडतुसे नेऊच नयेत. विक्रेत्याकडे ती सोडताना क्रमांकासह पावती घ्यावी, आणि क्रमांक कोरलेला भाग, विशेषतः नळ्या, बदलायचा झाल्यास ते काम सुरू होण्याआधी परवाना शाखेला लेखी कळवावे. निघण्यापूर्वी नळ्यांखालचे ठसे, क्रमांक आणि दोषाची जागा यांची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवली तर कारागिराला दूरध्वनीवरच बराच अंदाज देता येतो, आणि एखादी फेरी वाचते. गाव अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत येत असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ खाली वेगळी नोंदणीही लागते; ती झालेली आहे का, हे या निमित्ताने पाहून घ्यावे.

शंभर वर्षांहून जुन्या बंदुकीला आणखी एक कायदा लागू शकतो. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ मध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या ऐतिहासिक मोलाच्या वस्तू येतात आणि खासगी व्यक्तीने त्या देशाबाहेर पाठवण्यास मनाई आहे. म्हणजे दुरुस्तीसाठी बंदूक इंग्लंडला पाठवण्याचा विचार मनात आला तरी तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला विचारूनच करावा लागेल.

शेवटी, प्रत्येक बंदूक दुरुस्त करण्याजोगी नसते, आणि हे मान्य करण्यात घराण्याचा अवमान नाही. नायट्रो प्रूफ नसलेली, दमास्कस नळ्यांची किंवा नळ्या पातळ झालेली दुनळी कितीही नामांकित कारखान्याची असली, तरी तिच्यासाठी पिना आणि स्प्रिंगा शोधणे व्यर्थ आहे. परवानाधारक वारल्यानंतर अशी बंदूक वाड्याच्या भिंतीवर तशीच टांगून ठेवणे हे सर्वांत घातक, कारण तिचा ताबा त्या क्षणापासून बेकायदा ठरू शकतो. वारसांनी ती विलंब न लावता नांदगाव किंवा मनमाड पोलीस ठाण्यात, अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे कलम २१ नुसार जमा करावी, पावती घ्यावी, आणि मग वारसा हक्काने परवाना मागायचा, बंदूक विकायची, की शस्त्र नियम, २०१६ मधील तरतुदीप्रमाणे ती कायमची निकामी करून आठवण म्हणून ठेवण्याची परवानगी मागायची, हे घरात बसून ठरवावे. सुटा भाग शोधण्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे.